समुद्राच्या तापमानाचा नकाशा छापताना खोलीही छापावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अरबी समुद्राच्या वाढत्या तापमानाविषयी आपल्या दैनिकात नुकताच जो सविस्तर वृत्तलेख आला, त्याच्यासोबत जुलै महिन्याचा एक रंगीत नकाशा होता. मध्य अरबी समुद्र तांबडा, सोमालियाच्या किनाऱ्याला लागून एक चिंचोळी निळी पट्टी आणि नकाशाखाली ओळ: ‘सोमाली प्रवाहाचे तापमान’. लेख मेहनतीने लिहिलेला होता आणि मोसमी वाऱ्यांबरोबर दिशा बदलणाऱ्या सागरी प्रवाहांची दखल मराठी वृत्तपत्राने घेतली याचा मला आनंदच झाला. माझी हरकत आहे ती नकाशाखालच्या त्या ओळीला. नकाशात दाखवलेले तापमान प्रवाहाचे नव्हते. ते उपग्रहाने टिपलेले, पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्याचे तापमान होते. अवरक्त किरणांवर चालणाऱ्या उपकरणाला पाण्याचा जो थर ‘दिसतो’, त्याची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी असते. सोमाली प्रवाह पावसाळ्यात ऐन भरात असताना शेकडो मीटर खोलपर्यंत वाहतो. नोकरीची बरीच वर्षे मी संशोधन जहाजांवर समुद्राचे तापमान मोजण्यात घालवली आहेत, त्यामुळे ही चूक मला जरा जास्तच बोचली असेल; पण ती केवळ शब्दांची चूक नाही, आणि तिच्यामुळे वाचकांचा कोणता गैरसमज होतो ते सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सोमाली प्रवाह जगातल्या मोठ्या प्रवाहांपेक्षा एका बाबतीत पूर्ण वेगळा आहे. अटलांटिक महासागरातला गल्फ स्ट्रीम किंवा जपानजवळचा कुरोशिओ वर्षभर एकाच दिशेने वाहतात. सोमाली प्रवाह मात्र वर्षातून दोनदा उलटतो. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर तो किनाऱ्याच्या कडेने नैर्ऋत्येकडे उतरतो, आणि मे-जूनपासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की त्याच किनाऱ्याने ईशान्येकडे धावू लागतो. भर पावसाळ्यात त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो, कधीकधी तीन मीटरही ओलांडतो. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वाहणारा जो वेगवान वाऱ्याचा झोत या प्रवाहाला रेटतो, त्याचे सविस्तर वर्णन हवामानशास्त्रज्ञ फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केले. त्याच वर्षी जेम्स लाइटहिल या ब्रिटिश गणितज्ञाने असे दाखवले, की मध्य हिंदी महासागरावर वारा सुरू झाल्यानंतर समुद्राच्या पोटातल्या मंद लाटा पश्चिमेकडे सरकत येऊन साधारण महिन्याभरात हा प्रवाह उभा करू शकतात. पुढे प्रत्यक्ष निरीक्षणांत असे दिसले, की किनाऱ्याजवळचे पाणी तेवढे थांबत नाही. स्थानिक वारा सुरू होताच ते उलटायला लागते. सिद्धान्त आणि मोजमाप यांच्यातला हा फरक उघड झाला, कारण काही माणसे मे महिन्यात, प्रवाह उलटण्याच्या नेमक्या आठवड्यांत, तिथे जहाज घेऊन हजर होती.

आता त्या निळ्या पट्टीकडे येऊ. उत्तरेकडे जाणारा हा प्रवाह सोमालियाच्या रास हाफून या भूशिराच्या परिसरात किनारा सोडून खुल्या समुद्राकडे वळतो आणि वळताना किनाऱ्याजवळ खालचे गार पाणी वर खेचले जाते. या क्रियेला अपवेलिंग म्हणतात. आणखी दक्षिणेला, ४ ते ५ अंश उत्तर अक्षांशाजवळ, असाच दुसरा गार पट्टा तयार होतो. ऐन पावसाळ्यात या पट्ट्यांमधले पृष्ठभागाचे तापमान २० अंश सेल्सियसच्याही खाली गेल्याच्या नोंदी आहेत, आणि हे विषुववृत्ताच्या इतक्या जवळ घडते यावर विश्वास बसणे कठीण जाते. दोन पट्ट्यांच्या मध्ये आणि पूर्वेला, साधारण ५ ते १० अंश उत्तर अक्षांशांत, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा चारशे-पाचशे किलोमीटर व्यासाचा एक प्रचंड भोवरा असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘ग्रेट व्हर्ल’ म्हणतात. आपण महाभोवरा म्हणू. त्याच्या पोटात उबदार पाण्याचा जाड थर साठलेला असतो. म्हणजे किनाऱ्याजवळ जे गार पाणी पृष्ठभागापर्यंत आलेले असते, त्याच तापमानाचे पाणी महाभोवऱ्याच्या मध्यावर शोधायचे तर दीड-दोनशे मीटर खाली उतरावे लागते. पृष्ठभागाच्या नकाशात यातले काय दिसते? कडेला निळी रेघ आणि बाकी सगळा एकसारखा तांबडा रंग. भोवऱ्यातला उबदार थर ३० मीटरचा असो वा १५० मीटरचा, नकाशावरचा तांबडा रंग तोच राहतो. समुद्राच्या पोटात उष्णता किती आहे हा ज्या लेखाचा विषय, त्या लेखाला नेमकी हीच गोष्ट हवी होती.

प्रवाहाच्या अभ्यासात तापमानाच्या उभ्या छेदाला, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे जाताना वेगवेगळ्या खोलींवर घेतलेल्या तापमानांच्या चित्राला, एवढे महत्त्व का, हे थोडे उलगडून सांगतो. पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाहते पाणी उजवीकडे वळू पाहते आणि उजव्या बाजूला उबदार, हलके पाणी साठते. म्हणून ईशान्येकडे वाहणाऱ्या सोमाली प्रवाहात समताप रेषा, म्हणजे समान तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, किनाऱ्याकडे वर उचललेल्या आणि खुल्या समुद्राकडे खाली उतरलेल्या असतात. हा उतार जितका तीव्र, तितका वरचा थर खालच्या थरापेक्षा वेगाने वाहतो. ढोबळ हिशेब करून पाहता येईल. समजा, ८ अंश उत्तर अक्षांशावर १०० किलोमीटरच्या अंतरात २० अंशांची समताप रेषा ५० मीटरवरून २०० मीटरपर्यंत उतरली आणि वरच्या उबदार व खालच्या गार पाण्याच्या घनतेत हजारात दोन भागांचा फरक धरला, तर वरच्या थराचा सापेक्ष वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर निघतो. म्हणजे नुसत्या तापमापकाने, पाण्याच्या वेगाला हात न लावता, प्रवाहाचा अंदाज बांधता येतो. अर्थात ही रीत सापेक्ष वेगच सांगते. खालचा थर स्वतः किती वाहतो हे वेगळे मोजावेच लागते.

पण या रीतीची खरी अडचण विषुववृत्ताजवळ येते, आणि सोमाली प्रवाह तर विषुववृत्त ओलांडून येतो. पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम विषुववृत्ताकडे क्षीण होत जातो आणि विषुववृत्तावर शून्य होतो, म्हणून तिथे ही रीतच लागू पडत नाही. त्याच्या अलीकडेही ती नाजूक होते. वरच्याच हिशेबात समताप रेषेची खोली एका टोकाला १० मीटरने चुकली, तर ८ अंशांवर वेगात सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटरची चूक पडते. २ अंशांवर तीच चूक जवळजवळ ४० सेंटिमीटरची होते. आणि १० मीटर म्हणजे समुद्रात काहीच नव्हे. भरती-ओहोटीबरोबर पाण्याच्या पोटात ज्या अंतर्गत लाटा उठतात, त्या समताप रेषांना काही तासांत तेवढे सहज वर-खाली करतात. म्हणून एका ठिकाणी एकदा तापमान घेऊन पुढे निघून जाणारे जहाज पुष्कळदा लाट मोजते आणि तिला प्रवाह समजते. जाणते लोक एकाच छेदावरून परत येतात, अंतरे कमी ठेवतात, आणि शक्य तिथे एकाच जागी थांबून दर तासाला मोजमाप घेतात. त्याला इंधन लागते, आणि जहाजाचे दिवस मंजूर करणाऱ्यांना हा खर्च वायफळ वाटतो, हेही मी पाहिले आहे.

या मोजमापांचा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. खोल पाण्यात उलटा होऊन पाऱ्याची ओळ तोडणारा, म्हणजे त्या खोलीचे तापमान वर येईपर्यंत जपून ठेवणारा तापमापक १८७४ मध्ये लंडनच्या निग्रेटी आणि झाम्ब्रा यांनी तयार केला, आणि जवळजवळ शतकभर समुद्रशास्त्र त्याच्यावर चालले. १९३८ मध्ये अॅथेलस्टन स्पिलहाउस यांनी चालत्या जहाजावरून सोडता येणारे बॅथिथर्मोग्राफ घडवले. धूर दिलेल्या काचेच्या पट्टीवर सुईने खोली आणि तापमान यांची वक्ररेषा कोरणारे ते यंत्र होते. १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत चाळीसहून अधिक जहाजांनी भाग घेतला. १९६४ च्या पावसाळ्यात ‘डिस्कव्हरी’ आणि ‘आर्गो’ या जहाजांनी सोमाली किनाऱ्याजवळ जे छेद घेतले, त्यांतून या प्रवाहाचे पहिले भरवशाचे चित्र उभे राहिले. याच मोहिमेच्या पोटी १९६६ मध्ये आपल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. पुढे १९७९ च्या मोहिमेत, जागतिक मान्सून प्रयोगाच्या जोडीने, दक्षिणेकडचा गार पट्टा उत्तरेकडे सरकत जाऊन उत्तरेकडच्या पट्ट्यात मिसळताना दिसला. ज्या गोष्टीला आपण किनाऱ्याचे स्थायी लक्षण समजत होतो, ती एका मोसमात जागा बदलते हे तेव्हा कळले.

सत्तरच्या दशकात या भागातली कितीतरी मोजमापे संशोधन जहाजांनी घेतलीच नव्हती. आखातातून तेल भरून आफ्रिकेला वळसा घालणाऱ्या टँकरांवरून ती घेतली गेली. त्या टँकरांचा मार्ग प्रवाहाला कापत जात असे, आणि त्यांच्यावरून एक्सबीटी नावाचे, एकदाच वापरून टाकून द्यायचे तापमापक समुद्रात सोडले जात. हे साधन मला फार जवळचे आहे. टॉर्पेडोच्या आकाराचा एक छोटा नळकांडा (त्यालाच प्रोब म्हणतात), नाकाशी तापमानाला संवेदनशील असा थर्मिस्टर, आणि मागे केसासारखी बारीक तांब्याची तार. तारेची एक गुंडाळी प्रोबमध्ये आणि दुसरी जहाजावरच्या डब्यात असते. दोन्ही एकाच वेळी उलगडतात, त्यामुळे जहाज पुढे जात राहिले तरी प्रोब सरळ खाली पडतो. सेकंदाला साधारण साडेसहा मीटरने तो उतरतो, आणि जास्त वापरला जाणारा प्रकार सुमारे दोन मिनिटांत ७६० मीटरपर्यंत पोहोचतो. मग तार तुटते आणि काम संपते. गंमत अशी की या यंत्रात खोली मोजणारे काहीच नाही. किती सेकंद झाले यावरून सूत्राने खोली काढायची. सूत्र चुकले की खोली चुकली. १९९५ मध्ये अनेक देशांच्या नोंदी जहाजावरच्या अचूक उपकरणांशी ताडून पाहिल्या, तेव्हा उत्पादकाचे सूत्र प्रोबची खोली साधारण ३ टक्क्यांनी कमी दाखवते असे निघाले, आणि जुन्या खोल्यांना १.०३३६ ने गुणायची शिफारस झाली. तीन टक्के म्हणजे किरकोळ, असे वाटेल. पण १५० मीटरवर ते साडेचार मीटर होतात, आणि जिथे शंभर मीटरांत तापमान दहा अंशांनी उतरते अशा थरात साडेचार मीटर म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. प्रवाहाचा उतार काढताना ही चूक सगळ्या प्रोबमध्ये सारखीच असल्याने फारशी नडत नाही. मात्र १९७५ ची नोंद २०१५ च्या नोंदीशेजारी ठेवून ‘समुद्र तापला’ किंवा ‘निवला’ असे म्हणणाऱ्याला ती पुरती फसवू शकते. शिवाय प्रोब कोणत्या कारखान्यातला आणि कोणत्या वर्षाचा, यावरही त्याच्या पडण्याचा वेग थोडाफार बदलतो.

स्वतःच्या फजितीचा एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. पावसाळ्यातल्या एका सफरीत रात्रपाळीला मी एक्सबीटी सोडत होतो. वारा जोराचा, जहाज सारखे डुलत होते. एका प्रोबच्या आलेखात ३०० मीटरच्या खाली पाणी एकाएकी दोन अंशांनी गरम झालेले दिसले आणि पुढे तसेच राहिले. मी हरखून गेलो. खोलवर उबदार पाण्याचा थर सापडला म्हणून वहीत ठळक नोंद केली आणि वरिष्ठांना उठवायला निघालो. त्यांनी झोपेतच विचारले, “तार कुठल्या बाजूला गेली?” जाऊन पाहिले तर वाऱ्याच्या बाजूने सोडलेली तार जहाजाच्या अंगाला घासत होती, तिच्यावरचे लाखेचे आवरण खरवडले गेले होते आणि खाऱ्या पाण्यात विजेची गळती होऊन यंत्र खोटेच जास्त तापमान दाखवत होते. तिथेच दुसरा प्रोब दुसऱ्या बाजूने सोडला. उबदार थर नाहीसा झाला. तेव्हापासून कोणी समुद्रातला नवा थर दाखवला की मी आधी तार कुठल्या बाजूला होती ते विचारतो.

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, असे आपल्या लेखात म्हटले होते, आणि ते खरेच आहे. आर्गो या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाचे (वर आलेले १९६४ चे जहाज वेगळे) तरंगते यंत्र एक हजार मीटर खोलीवर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरवर जाऊन वर येते, वर येताना तापमान आणि क्षारता मोजते आणि उपग्रहाकडे पाठवते. त्याच्या तापमानाची अचूकता अंशाच्या हजाराव्या भागात मोजली जाते. २००७ मध्ये जगभरात अशी तीन हजार यंत्रे झाली. भारतातर्फे हे काम हैदराबादची इन्कॉइस ही संस्था पाहते. पण या जाळ्याची आखणी तीन अंश अक्षांश-रेखांशांमागे एक यंत्र अशी आहे, म्हणजे दोन यंत्रांमध्ये सरासरी तीनशेहून अधिक किलोमीटरचे अंतर. किनाऱ्यालगतचा सोमाली प्रवाह त्या अंतराच्या निम्म्यातही मावतो. त्यातून, वेगवान प्रवाहात सापडलेले यंत्र तिथे टिकत नाही, वाहून जाते. पाण्याखालचे ग्लायडर, म्हणजे माणसाविना चालणारी छोटी मोजमाप यंत्रे, सेकंदाला पाव मीटरच्या आसपास पुढे सरकतात. दोन मीटरच्या प्रवाहात त्यांना हवे तिथे नेणे म्हणजे पुरात उलटे पोहण्यासारखे आहे. नांगरलेले बोये जागा सोडत नाहीत. हिंदी महासागरासाठी २००४ पासून उभारले जाणारे ‘रामा’ बोयांचे जाळे आणि चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेचे, ५०० मीटर खोलीपर्यंत तापमान व क्षारता मोजणारे ओम्नी बोये यांनी मोठी मदत केली आहे. मात्र पश्चिम हिंदी महासागरात २००८ नंतरची काही वर्षे सोमाली चाचेगिरीमुळे बोये नांगरणे आणि त्यांची देखभाल करणे दुरापास्त झाले. ज्या प्रवाहाविषयी आपण लिहिले, नेमका तोच भाग मोजमापांच्या नकाशात विरळ आहे.

उपग्रहांनी ही उणीव भरून निघते असे वाटू शकते, म्हणून आणखी थोडे. अवरक्त उपकरणांना ढगांपलीकडचे दिसत नाही आणि जुलैमध्ये अरबी समुद्रावर ढगांची वाण नसते. सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या उपकरणांना ढगांतून दिसते, पण मुसळधार पावसात तीही आंधळी होतात, आणि किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात जमिनीचा संकेत मिसळून त्यांचे मोजमाप टाकून द्यावे लागते. अपवेलिंगचा सर्वांत गार भाग त्याच पट्ट्यात असतो. समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजणारे उपग्रह, ज्यांत २०१३ मध्ये भारत आणि फ्रान्स यांनी मिळून सोडलेला ‘सरल’ हाही आहे, महाभोवऱ्याची जागा उत्तम दाखवतात. कारण उबदार पाण्याचा थर जाड असला की पाणी फुगते आणि पृष्ठभाग काही सेंटिमीटरने, कधी काही दशांश मीटरने उंचावतो. पण ती उंची तापमानामुळे किती आणि क्षारतेमुळे किती, हे वरून पाहून ठरवता येत नाही.

क्षारतेचा मुद्दा आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या प्रवाहातही येतो, आणि हा प्रवाहसुद्धा मोसमीच आहे. तो पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. १९८७ च्या पावसाळ्यात ‘सागर कन्या’ या जहाजावरून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्याला काटकोनात छेद घेतले, तेव्हा वरच्या थरात समताप रेषा किनाऱ्याकडे चढत गेलेल्या दिसल्या, आणि त्यांच्या खाली, भूखंडमंचाच्या कडेला, त्याच रेषा उलट किनाऱ्याकडे उतरत होत्या. म्हणजे वर दक्षिणेकडे जाणारा प्रवाह आणि त्याच्या खालून उत्तरेकडे जाणारा दुसरा प्रवाह. पृष्ठभागाच्या नकाशात असा खालचा प्रवाह कधीच सापडला नसता. हिवाळ्यात तर हा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध उत्तरेकडे जातो आणि बंगालच्या उपसागरातले कमी क्षारतेचे पाणी सोबत आणतो. ते हलके पाणी वर पसरून बसते, आणि मग वर गार व खाली उबदार अशी उलटी रचनाही टिकून राहते, कारण घनता क्षारतेने सांभाळलेली असते. अशा ठिकाणी निव्वळ तापमानावरून घनता काढणारा आणि घनतेवरून प्रवाह काढणारा माणूस चुकतो. म्हणून अलीकडे या किनाऱ्याच्या उतारावर मुंबईपासून कन्याकुमारीपर्यंत ध्वनिलहरींवर चालणारे प्रवाहमापक नांगरून ठेवले गेले. तापमानाचा छेद आणि प्रत्यक्ष वेग एकमेकांशी ताडून पाहिल्याशिवाय यातल्या कशालाही अंतिम मानू नये, असे माझे मत आहे. २०१६ च्या जून-जुलैमध्ये ‘सिंधु साधना’ जहाजावरून बंगालच्या उपसागरात जी बॉबल मोहीम झाली, तिने श्रीलंकेजवळून उपसागरात शिरणाऱ्या पावसाळी प्रवाहाचे असेच जहाज, ग्लायडर आणि आर्गो यांनी मिळून मोजमाप केले. भर पावसाळ्यात केलेले असे काम मला विशेष मोलाचे वाटते, कारण खवळलेल्या समुद्रात कोणाला जायचे नसते आणि प्रवाह मात्र त्याच वेळी जोरात असतो.

आता आपल्या लेखातल्या ज्या विधानाने मला हे पत्र लिहायला भाग पाडले, ते. ‘या भागातले तापमान सरासरीपेक्षा तीन अंशांनी जास्त आहे’, असे त्यात होते. कोणत्या सरासरीपेक्षा? ती वार्षिक असेल तर तिला या प्रवाहाच्या बाबतीत काही अर्थ नाही. उन्हाळी-पावसाळी उत्तरवाहिनी आणि हिवाळी दक्षिणवाहिनी यांची बेरीज करून बाराने भागले, की जो प्रवाह निघतो तो समुद्रात कोणत्याही महिन्यात वाहत नाही. जुलैची सरासरी घेतली असेल, तरी प्रश्न उरतोच. महाभोवऱ्याची कड ही अशी जागा आहे, की पन्नास-शंभर किलोमीटर अंतरात पृष्ठभागाचे तापमान पाच-सहा अंशांनी बदलू शकते. भोवरा त्या वर्षी थोडा दक्षिणेला सरकला, किंवा गार पट्टा दोन आठवडे उशिरा तयार झाला, तर ठरलेल्या एका चौकोनात तीन अंशांची वाढ दिसेल, पण समुद्रात जराही जादा उष्णता आलेली नसेल. असलेले पाणीच जागा बदलून गेलेले असेल. हवामान बदलाने अरबी समुद्र तापतो आहे हे मी नाकारत नाही. ते पुष्कळ मोजमापांनी दिसले आहे. मात्र ती वाढ अशा चौकोनात शोधू नये. ती शोधायची तर वरच्या काहीशे मीटरांतली एकूण उष्णता पाहावी लागते, आणि त्याला उभे छेद लागतात.

हा फरक नुसता अभ्यासकांच्या कामाचा नाही. पश्चिम अरबी समुद्रातले अपवेलिंग कमजोर असले तर तिथले पृष्ठभागाचे पाणी उबदार राहते, वाऱ्याला जास्त बाष्प मिळते आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस वाढण्याकडे कल असतो, असे २००८ साली इझुमो आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे. याआधी १९७५ मध्ये जगदीश शुक्ल यांनी संगणकीय प्रतिमानात थंड अरबी समुद्राचा मान्सूनवरील परिणाम तपासला होताच. पृष्ठभागाचे तापमान इथे महत्त्वाचे आहेच, पण ते पुढच्या महिन्यात काय होईल हे ठरवणारे खालचे गार पाणी किती वर आले आहे, हे मे महिन्यात खोलवर पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा आपणास विनंती अशी, की समुद्राच्या तापमानाचा नकाशा छापताना त्याच्याखाली तीन गोष्टी द्याव्यात: तापमान कोणत्या खोलीचे, कोणत्या दिवसाचे किंवा आठवड्याचे, आणि कोणत्या उपकरणाने घेतलेले. तुलना कोणत्या वर्षांच्या कोणत्या महिन्याशी केली हेही लिहिले तर उत्तम. आणि जागा असेल तेव्हा रंगीत नकाशाच्या शेजारी एखादा उभा छेद छापावा. आडव्या बाजूला किनाऱ्यापासूनचे अंतर, उभ्या बाजूला खोली, आणि मध्ये चढत-उतरत गेलेल्या समताप रेषा. पहिल्यांदा पाहताना वाचक गोंधळतील. दुसऱ्यांदा त्यांनाच त्यातला प्रवाह दिसू लागेल, मलाही तो तसाच दिसायला लागला होता.

जाता जाता एक बारीक दुरुस्ती. लेखात प्रवाहाचा वेग ‘ताशी ४ नॉट’ असा दिला आहे. नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा ‘ताशी’ हा शब्द तिथे दुसऱ्यांदा आला आहे, तो काढावा.

आपला विश्वासू,
सागरी निरीक्षणाच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक